दावं द्यायचं नसतं

१८ एप्रिल २००२

संस्थेनं शेळी दिली आणि शेळीबरोबर ही वही दिली. शेळीची रोजची नोंद करा म्हणाले. शेळी रोज नवीन काय करते? काल पाला खाल्ला, आज पाला खाल्ला, देवाची कृपा असली तर उद्याही पाला खाईल. मग मी रूपालीला म्हटलं, शेळीचं तू दुसऱ्या कुठल्या वहीत लिही, ही मला दे. मला अक्षर येत नाही, पण बोलता येतं. नाही येत म्हणणारा अजून आमच्या पाड्यावर जन्मला नाही. मी बोलते, तू लिही.

रूपाली माझी सून. दहावीपर्यंत शिकली. माझ्या बोलण्याला शाळेचे कपडे घालून कागदावर बसवते, तिला तेच बरं वाटतं. पण लोक जे बोलतात ते जसंच्या तसं लिहायचं, असं तिला बजावलं आहे. आणि ही वही संस्थेच्या जीपवाल्यांना दाखवायची नाही.

शेळी मिळायच्या आधी आम्ही गरीब आहोत की नाही ते बघायला संस्थेचे रंगनाथ सर आले होते. नाशिकला इंदिरानगरात राहतात. अंगणातून चालताना बगळ्यासारखा एकेक पाय उचलून ठेवतात. बोलायला गोड. आमच्या चुलीचा फोटो काढायचा म्हणाले. काढा म्हटलं. डोळ्याला यंत्र लावलं आणि पुन्हा खाली घेतलं.

"आजी, ती कळशी जरा बाजूला करता का?"

"का? ती काय करते तुम्हाला?"

"नाही, म्हणजे... फोटोत जरा..."

मला कळलं. कळशी चकचकत होती. माझ्या पोराच्या, सोमाच्या लग्नातली, घरातलं एवढंच एक भांडं जे बघून मला बरं वाटतं. पाहुणे येणार म्हणून सकाळी मी ती राखेनं घासली होती, आणि पाहुण्यांना नेमकी तीच नको होती. रूपालीनं उचलून आत नेली. शेळी हवी होती ना. तेव्हा गिळलेलं आज वहीत ओकते आहे.

आज शाळेच्या अंगणात सगळ्या बायकांना उभं केलं आणि छातीवर हात ठेवून तत्त्वं म्हणायला लावली. मी जबाबदारी घेईन. मी जनावराची निगा राखीन. मी वाटून घेईन. शेळीला होणारी पहिली पाट मी माझ्या गरजू बहिणीला देईन. पाट म्हणजे मादी करडू, ते त्यांना आम्हीच सांगितलं, आणि मग त्यांनी ते आम्हाला शिकवलं.

वाटून घेणं आम्हाला शिकवायला नाशिकहून जीप आली. ज्या पाड्यावर एका घरी बोकड कापला तर प्रत्येक घरी वाटा जातो, भांडण असलेल्या घरी आधी जातो, नाही तर ते घर वर्षभर बोलून दाखवतं, त्या पाड्यावर. कोंबडीला धरून बसवावं आणि दाणा कसा टिपायचा ते सांगावं, तसं झालं.

पण म्हटली तत्त्वं. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटली.

२१ जून

शेळी व्याली. तिचं नाव मी सायबीण ठेवलंय, कारण साहेबांकडून आली आणि ओला पाला दिला तर तोंड फिरवते. एक बोकड, एक पाट. बोकड धडधाकट. पाट एवढीशी, उभी राहिली की चारही पाय चार दिशांना. कपाळावर पांढरा ठिपका.

दूध ओढता येईना म्हणून बोटाला लावून चाटवलं. दिवसभर तेच. सोमा म्हणाला, "आई, तिच्यात जीव घालू नको. ती आपली नाय."

मी म्हटलं, मला काय वेड लागलंय. दुसऱ्याच्या घरी जायचं जनावर, मी तिला नावही ठेवणार नाही. हाक मारायला म्हणून टिकली म्हणते, ते नाव नव्हे.

१२ ऑगस्ट

पाट कोणाला जाणार ते आज सरांनी सांगितलं. ठमाबाईला.

साऱ्या पाड्यात त्यांना हीच सापडली. ठमाबाई म्हणजे माझ्या दारासमोरचं दार. दोन घरांच्या मधे एक बैल वळेल एवढीच जागा. मी लग्न होऊन आले त्याच साली तीही आली, आणि तेव्हापासून तिच्या कोंबड्या माझी वाळत घातलेली नागली खातात. मी नागलीवर बसून राखण केली तरी खातात. तिनं तशा शिकवल्यात.

"माझी पाट हिला? हिला कोंबडी आवरत नाही," मी सरांना म्हटलं.

सर हसले. "आजी, पाट तुमची नाही, पुढच्या बहिणीची. तिसरं तत्त्व."

बहीण. सख्ख्या बहिणीशीही मी इतकं भांडले नाही.

आता खरं सांगायचं तर ठमाबाईला जनावर लागतंच आहे. तिचा काळू दिंडोरीला द्राक्षांच्या बागेत असतो, बायकोमुलांसकट. दिवाळीला येणार, घराला कुलूप लावणार आणि हिलाही घेऊन जाणार. तिथं बागेच्या कडेला ताडपत्रीत राहायचं आणि मजुरांची पोरं सांभाळायची. घरात जनावर असलं तर म्हातारीला हलवत नाहीत. जनावराला पाणी कोण दाखवणार? आमच्याकडं अशाच म्हाताऱ्या घरी राहतात. माझंही तेच आहे. सोमा छाटणीला जातो तेव्हा सायबिणीपायी मी इथं राहते.

गेली तर गेली. माझी नागली तरी वाचेल.

८ सप्टेंबर

काल पोळा झाला. पंधरा दिवस झाले, ठमाबाई ओट्यावर बसून घायपाताच्या धाग्यांचा वाख मांडीवर वळते आहे. आधी वाटलं बाजारात विकायला. पण विकायला वळतात ती दोरी अशी नसते. ही बारीक, मऊ, आणि संपतच नाही. तिच्या पायाशी वेटोळं पडलंय अजगरासारखं.

मी माझ्या ओट्यावरून विचारलं, "कोणाला गं? हत्ती घेतलास का?"

"तुझ्या तोंडाला बांधाया. पण पुरायचं नाय."

"मग अजून वळ."

"वळतेच हाय."

टिकली तिकडं गेली आणि ते वेटोळं हुंगत बसली. ठमाबाईनं तिला हाकललं नाही. दोरीचं टोक तिच्या गळ्याभोवती धरून बघितलं आणि मी बघते आहे म्हटल्यावर सोडून दिलं. माझ्या करडाशी खेळ करायला हिला कोणी सांगितलं? मी टिकलीला उचलून घरात आणली.

९ ऑक्टोबर

आज जे झालं ते रूपालीनं नीट लिहावं.

शाळेच्या अंगणात मांडव. बाहेरचे पाहुणे, दोन जीपा, फोटोवाला. संस्थेनं लाल-पिवळी नायलॉनची दोरी आणली होती, तिला फुगा बांधलेला. सकाळीच माझ्या गोठ्यात येऊन टिकलीच्या गळ्यात ती दोरी घातली आणि खुंट्याला बांधली. मी पाट घेऊन मांडवात गेले. सर म्हणाले, आजी, आता ही दोरी ठमाबाईंच्या हातात द्या. ठमाबाई, तुम्ही पदर पसरा.

मी म्हटलं, "दावं मी देत नाही."

"काय देत नाही?"

"जनावर घ्या. दावं द्यायचं नसतं."

हे सांगावं लागतं का? जनावर दुसऱ्याकडं गेलं तरी त्याचं दावं आपल्या खुंटीला राहतं. दावं गेलं की गोठ्यातली बरकत त्याच्यामागं चालत जाते. जो जनावर नेतो तो आपलं दावं घेऊन येतो. बाजारात दलालसुद्धा हे पाळतात, आणि ते आईच्या दुधातही पाणी घालतात.

सर हळूच म्हणाले, "आजी, दोरी तर आमची आहे."

"सकाळपास्नं माझ्या खुंट्याला होती. आता ती माझ्या घरची."

"आजी, पाहुणे थांबलेत."

"त्यांना बसाया द्या."

आणि ठमाबाई. तिला तर रीत ठाऊक आहे. पाट न्यायला आली आणि हात हलवत आली. नवी साडी, डोक्याला तेल, आणि हातात काही नाही. उभी राहिली पदर धरून, खाली बघत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जनावर न्यायला आलीस का जेवायला? दावं कुठंय तुझं?" तिनं तोंड उघडलं, पण माझं अजून संपलं नव्हतं. मग एकदम म्हणाली, "मला नको तुझी पाट," आणि मांडवातून निघून गेली.

पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं काय झालं. सरांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. रूपालीला थोडं कळलं. या आजींना शेळीचा लळा लागलाय, त्यांना वाटून घ्यायचं नाही, असं ते म्हणाले.

मला वाटून घ्यायचं नाही. मला.

११ ऑक्टोबर

अजून राग गेला नाही. सोमा छाटणीला दिंडोरीला गेला. जाताना म्हणाला, आई, एक दोरी दिली असतीस तर काय झालं असतं. मी म्हटलं, तू जा, द्राक्षाला पानं फुटायची थांबलीत तुझ्यावाचून.

ठमाबाईचं दार दोन दिवस बंद आहे. तिच्या कोंबड्या नागलीवर आल्या. मी हाकलल्या नाहीत. हाकलायला हाक द्यावी लागते, आणि ती ऐकून बाहेर आली तर मीच आधी बोलले असं होईल.

(मी रूपाली. आत्यांनी काल कोंबड्यांना मूठभर नागली स्वतः टाकली. सासूबद्दल असं लिहू नये, पण लिहिलं.)

२३ ऑक्टोबर

रंगनाथ सर आले. आज चालताना पायसुद्धा बघून टाकले नाहीत. ओट्यावर बसले आणि कमिटीचा निर्णय सांगितला. आमच्या पाड्यानं तिसरं तत्त्व पाळलं नाही. ठमाबाईंनी सगळ्यांसमोर नकार दिला. म्हणून पाट पलीकडच्या गावातल्या गटाला द्यायची. तिथल्या बायका सहकार्य करतात. वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी जीप येईल.

"आणि ठमाबाईचं काय?"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ती ताडपत्रीत असंल."

"आजी, मला वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखे."

वाईट वाटून घेताना त्यांनी चहा मात्र संपवला.

ते गेले आणि मी अंगणात उभी राहून ठमाबाईच्या बंद दाराकडं तोंड करून जे बोलायचं ते बोलले. सगळा पाडा ऐकत होता, ऐकू दे. म्हटलं, तू हात हलवत आलीस म्हणून हे झालं. एवढं चऱ्हाट वळलंस, त्यातला हातभर तुकडा आणायला काय झालं होतं?

दार उघडलं. ठमाबाई म्हणाली, "आणलं व्हतं."

"कुठं आणलं व्हतं?"

"मांडवात शिरले तवाच हातात व्हतं. त्या सरानं घेतलं नि शाळेच्या वट्यावर ठेवलं. म्हणाला, आजी, हे नको, बरं दिसत नाय, आपल्याकडं नवी हाय."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तू बोलू दिलंस का?"

मी खाली बसले. माझ्या डोळ्यापुढं कळशी आली. कळशी चांगली दिसते म्हणून बाजूला, दावं चांगलं दिसत नाही म्हणून बाजूला. आमच्या घरातलं नेमकं काय यांना चालतं, ते एकदा पाटीवर लिहून लावा म्हणावं. आम्ही तेवढंच घेऊन जगू.

रूपाली म्हणते, आत्या, तुम्ही मांडवात आधी विचारायला हवं होतं. लिही. पण बारीक अक्षरात लिही.

संध्याकाळी काळू आला दिंडोरीहून. दिवाळी झाली की निघायचं म्हणाला. पोरगा वाईट नाही. "मावशी, इथं हिला एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" असं त्यानं मला विचारलं. मी इथं समोर उभी होते आणि त्यानं मला विचारलं.

वाघबारस

आज आमचा सण. पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा दगड आहे, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. वर्षातून एकदा सगळी जनावरं त्याच्यापुढून न्यायची. मंगळू गुराखी वाघ होतो, तोंडाला कोळसा फासतो आणि पोरं त्याला शिवेपार पळवतात. आणि आमच्या पाड्याची रीत अशी की देवापुढं जे जनावर ज्याच्या दाव्याला, ते त्याचं. मग सख्खा भाऊ असो की कोर्ट, कोणी बोलत नाही.

मी ठमाबाईच्या दारात गेले. आधी मीच गेले, हे लिहून ठेव. म्हटलं, "ते तुझं चऱ्हाट आण."

"मला नको तुझी पाट."

"तुला कोण देतंय? देवाला दाखवायची हाय. चल."

ती आली. खांद्यावर ते वेटोळं, ओझ्यानं वाकलेली. देवापुढं सगळा पाडा होता, काळूही होता. मी टिकलीच्या गळ्यातलं माझं दावं सोडायला बसले. गाठ सुटेना. मीच सकाळी मारली होती, तरी सुटेना. रूपाली पुढं झाली, मी तिला हात लावू दिला नाही. धूर होता तिथं, डोळ्यांत जात होता. टिकली माझी बोटं चाटायला लागली, एवढीशी होती तेव्हा चाटायची तशी. मंगळू वाघ होऊन ताटकळला होता. तो म्हणाला, "आजी, वाघाला भूक लागली."

सुटली शेवटी. ठमाबाईनं आपली दोरी घातली. वाखाची दोरी कडक असते, मानेला काचते. ही काचत नव्हती. गळ्याशी येईल त्या भागावर तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. इतकं कशाला करायचं ते मला कळलं नाही, पण काम चांगलं होतं.

मग तिनं माझ्या पदरात मूठभर नागली टाकली. जनावर फुकट न्यायचं नसतं. मी म्हटलं, "ही माझीच असंल, तुझ्या कोंबड्यांनी नेलेली."

"आसंल. परत दिली."

लोक हसले. काळू हसला नाही. दोरीकडं बघत उभा राहिला, मग आईकडं, मग खाली बसून त्यानं टिकलीचे दात बघितले आणि म्हणाला, चांगली हाय.

दुसरा दिवस

जीप आली. रंगनाथ सर, आणि हातात पुन्हा नवी दोरी, या वेळी हिरवी.

"आजी, पाट?"

"सर, तुमचं तिसरं तत्त्व काय?"

"वाटून घेणे."

"वाटलं."

ठमाबाईच्या खुंट्याकडं त्यांनी बघितलं. "पण आम्हाला न कळवता? निर्णय झाला होता. त्याचं काही... फोटोसुद्धा नाही."

मंगळू तिथंच होता, कानामागं अजून कोळसा. तो म्हणाला, "वाघदेवानं पायलं ना, सर. त्याचे डोळे काय बारीक हायेत का?"

सरांनी हातातली हिरवी दोरी उलगडली. खरं तर मला वाटलं आता ओढून नेतील. काळू ठमाबाईच्या पुढं येऊन उभा राहिला होता. सोमा नव्हता, पण बाकी पाडा होता. मग सर म्हणाले, "बरं. पण मला वर दाखवावं लागेल. एकदा पुन्हा करून दाखवाल का? फोटोपुरतं?"

माझा संताप डोक्यात गेला. म्हटलं, "सर, लग्न करून दिलेली लेक फोटोसाठी परत मांडवात उभी करतात का तुमच्या इंदिरानगरात?"

त्यांची मान खाली गेली. तरुण माणूस, त्याला घरी आई असेल. मी म्हटलं, काढा, ती बांधली आहे तशीच काढा. ठमाबाई टिकलीला धरून बसली, हातात तिचं दावं. सरांनी यंत्र डोळ्याला लावलं.

"थांबा," मी म्हटलं. घरात गेले, कळशी आणली, राखेनं दोन हात मारले आणि ठमाबाईच्या शेजारी मधोमध ठेवली.

"आता काढा."

काढला. काही बाजूला करा म्हणाले नाहीत.

१४ नोव्हेंबर

काळू एकटाच गेला. ठमाबाईला चल म्हणालाच नाही. जाताना टिकलीसाठी पाल्याचा भारा तोडून ठेवला. तिनं मात्र स्वतःहून दारातून ओरडून सांगितलं, "घरात जनावर हाय, कशी येऊ?" सगळ्या पाड्याला ऐकू गेलं, दिंडोरीलाही गेलं असेल.

माझं दावं माझ्या खुंटीला आहे. रूपालीनं कपडे वाळत घालायला मागितलं. नाही म्हटलं.

आता ठमाबाईच्या अकलेचं सांगते. एवढी वर्षं जनावरं बघितली, पण या बाईला मापाचं भान नाही. पाटीला दावं असावं हातभर, फार तर दोन हात. हिनं वळलंय ते तिच्या खुंट्यापासून निघतं आणि बैल वळेल एवढी जागा ओलांडून थेट माझ्या ओट्याला लागतं. टिकली दुपारी तिच्याकडचा पाला खाते आणि चालत इकडं येते. रात्री माझ्या उंबऱ्याला टेकून झोपते. दोरी मधे पडलेली, दिवसातून चारदा माझा पाय अडकतो. मग ठमाबाई तिकडून म्हणते, "खाली बघून चाल, म्हातारे," आणि मला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं की ती येऊन बसते.

आखूड कर म्हणून तिला सांगणार आहे. पण सध्या भाताची झोडणी चालू आहे, वेळ कुठंय. नंतर सांगेन.